नाव दिलं की मासा कामातून गेला

मासे वाटणं ही नोकरी असू शकते, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. लग्न ठरताना मध्यस्थानं ‘मुलगा आरोग्याच्या कामात आहे’ एवढंच सांगितलं होतं. पुढं एकदा सासरे माझ्याबरोबर फुलंब्रीहून एसटीनं शहरात आले, तेव्हा माझ्या मांडीवर दुधाची किटली होती आणि किटलीत मासे होते. त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं आणि हर्सूल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. उतरताना हळूच म्हणाले, “जावईबापू, दुसरं काही जमलं नाय का?”

नाही जमलं. मी हिवताप विभागात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. कार्यालय कुठलं ते सांगत नाही. पेन्शन चालू आहे.

काम ऐकायला सोपं आहे. हातात बॅटरी आणि पांढरी वाटी, खिशात खडू. दारात उभं राहून ‘पाणी तपासायचंय’ म्हणायचं. मग रांजण, ड्रम, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, जिथं म्हणून पाणी थांबतं तिथं बॅटरी मारायची. शंका आली तर वाटीभर पाणी घ्यायचं. पांढऱ्या वाटीत डासाची अळी वळवळताना लगेच दिसते. शेवटी दाराशेजारच्या भिंतीवर खडूनं तारीख आणि शेरा लिहायचा. ‘अळ्या आहेत’ किंवा ‘अळ्या नाहीत’. माझं अक्षर या शहरातल्या जितक्या भिंतींवर आहे, तितकं कुठल्या पुढाऱ्याचंही नसेल. पुसलंही तितकंच गेलं आहे, तो भाग वेगळा.

अळ्या सापडल्या की ‘पाणी ओतून द्या’ असं सांगायचं, हा नियम. हा नियम ज्यानं केला त्याच्या घरी नळाला रोज पाणी येत असावं. आमच्याकडं पाणी येतं तो दिवस घरात लग्न असल्यासारखा जातो. असं भरलेलं पाणी ओता म्हटल्यावर एका बाईनं माझ्या हातात बादली दिली आणि म्हणाली, “ओता. मंग तुम्हीच भरून आणा.” डेंग्यूचा डास गटारात नाही, याच स्वच्छ, जपून ठेवलेल्या पाण्यात वाढतो. पाणी ओतता येत नाही आणि ठेवताही येत नाही. म्हणून गप्पी मासे.

गप्पी परदेशातून आला आणि इथलाच झाला. बोटाच्या पेराएवढा जीव. नराला रंगीत शेपूट असतं आणि तो दिवसभर ते मिरवण्यापलीकडं फारसं काही करत नाही. मादी राखाडी, पोट सुटलेली, पण कामाला वाघ. अळी दिसली की गट्टम. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. भूक लागली तर पिल्लंही खाते, म्हणून पैदाशीच्या हौदात शेवाळ ठेवावं लागतं. पिल्लांना आईपासून लपायला जागा हवी. नवीन कर्मचाऱ्याला हे सांगितलं की तो हौदात पुन्हा एकदा वाकून बघतो.

‘गप्पी’ हे नाव भिंतीवरच्या घोषणांत राहिलं, लोकांच्या तोंडी काही बसलं नाही. फुलंब्रीत आम्ही त्यांना ‘सरकारी मासे’ म्हणतो. शहरात कुठं ‘दवाखान्याचे मासे’, कुठं ‘मच्छरवाली मछली’. एका वस्तीत त्यांचं नाव ‘डेंगूची मच्छी’ पडलं. त्यावरून तिथल्या लोकांनी असा अर्थ काढला की डेंग्यू यांच्यामुळंच होतो, आणि सगळ्यांनी मिळून एका दुपारी ते नाल्यात सोडून दिले. मी समजावायला गेलो तर तिथला दुकानदार म्हणाला, “तुमीच वाटले ना? मंग तुमीच डेंगू वाटला.” नावांच्या बाबतीत आमचं शहर अनुभवी आहे, त्याचं स्वतःचंच नाव बदललंय. त्यात मी पडत नाही.

मला त्रास झाला तो दुसऱ्या प्रकारच्या नावांचा. मासा ड्रममध्ये सोडला की घरातलं कुणीतरी चार दिवसांत त्याला नाव देतं. नाव दिलं की त्याची काळजी वाटू लागते. काळजी वाटली की पोळीचा चुरा पडतो, मग शेव, मग भात. आणि पोट भरलेला गप्पी अळीकडं ढुंकून बघत नाही. अळी त्याच्या नाकासमोरून जाते आणि तो पोळीची वाट बघत बसतो. एवढ्या नोकरीत मी शिकलो ते एवढंच, की नाव दिलं की मासा कामातून गेला. हे मी साहेबांना एका बैठकीत सांगितलं होतं. साहेबांनी इतिवृत्तात ‘माशांना नावे देऊ नयेत’ असं लिहून घेतलं आणि पुढचा विषय घेतला.

जिन्सीच्या मागच्या एका गल्लीत रुकय्या आपा राहायच्या. शिलाई करायच्या, एकुलती मुलगी सना कॉलेजात. सनानं ड्रममधल्या माशांना शहजादी, चमकी, मोटी खाला अशी नावं दिली होती आणि ती त्यांना शेवया खाऊ घालायची. मी दोनदा रागावलो. ती “हौ अंकल” म्हणायची आणि मी वळलो की शेवया टाकायची. त्या पावसाळ्यात सनाला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरत गेल्या. आपा दवाखान्याच्या व्हरांड्यात पिशवीवर डोकं ठेवून बसलेल्या मी पाहिल्यात. पोर वाचली. घरी आली तोवर शेवयांनी पाणी नासून शहजादीसकट सगळे मासे मेले होते, आणि त्याच पाण्यात अळ्या मजेत होत्या. डॉक्टरांनी आपांना बजावलं होतं की हा आजार दुसऱ्यांदा झाला तर जास्त जड जाऊ शकतो.

पुढच्या उन्हाळ्यात त्या मला म्हणाल्या, “साब, बारिश से पहले मछल्यां होना. पूरी गल्ली में होना. पर भूकी मछली लाओ. इस टैम कोई नाम नै, कोई खाना नै. जो खिलाएगा उसकू मैं देखती.”

मी शब्द दिला. माझ्याकडं कार्यालयामागचा पैदाशीचा हौद होता. हिरवा, शेवाळलेला, वाटी बुडवली तर चार मासे येतील इतका भरलेला. शब्द द्यायला माझं काय जात होतं?

त्याच सुमारास वरून आदेश आला. पावसाळ्यापूर्वी सर्व कार्यालयांनी आपापल्या आवारातलं साचलेलं पाणी काढून, हौद-टाक्या घासूनपुसून कोरडा दिवस पाळावा आणि छायाचित्रासह अहवाल पाठवावा. आदेश उत्तम होता. का नसेल, आमच्याच विभागानं तो इतर कार्यालयांसाठी तयार केला होता. तो साहेबांकडून वर गेला, वर सही झाली, आणि खाली येताना सगळ्यांना आला. सगळ्यांत आम्हीही होतो.

मी तपासणीहून परतलो तर सफाईचे गंगाधर मुकादम खराटा घेऊन हौदात उभे होते. हौद इतका स्वच्छ मी जन्मात पाहिला नव्हता. ब्लीचिंग पावडरचा वास फाटकापर्यंत येत होता.

“मुकादम, मासे?”

“कोणते मासे?”

“यातले! हजारानं होते!”

“हां, व्हते की.” त्यांनी खराटा भिंतीला टेकवला. “पर आदेशात माशाचं काही नव्हतं. पाणी साचलेलं व्हतं का नाय? व्हतं. मंग?”

डास मारणाऱ्या विभागानं डासांच्या बंदोबस्तासाठी आपलेच मासे मारले होते, आणि नियमात कुठंही चूक नव्हती. साहेब आले, हौदाकडं पाहून त्यांचा चेहरा पडला. पण फोटो आधीच वर गेला होता आणि वरून कौतुकाचा निरोपही आला होता. साहेब मनानं वाईट नव्हते. मला बाजूला घेऊन म्हणाले, “म्हस्के, कुणी विचारलंच तर मासे स्थलांतरित केले म्हणा.”

मी इतर झोनच्या लोकांना फोन लावले. त्यांनीही आदेशाचं पालन केलं होतं. एकानं तर हौदाला रंगही दिला होता.

आता कुणी म्हणेल, विकत आणायचे. मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात ते मोठ्या शेपटांचे, लाडावलेले; आमच्या उन्हात पत्र्याखालच्या ड्रममध्ये ते टिकत नाहीत. शिवाय खरेदीचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत पावसाळा संपून थंडी पडली असती. नाल्यात गप्पी खूप आहेत, पण नाल्यातला मासा पिण्याच्या पाण्यात कसा सोडणार? विचार करकरून मला एकच सुचलं. इतकी वर्षं मी घरोघर मासे वाटले होते. तेच थोडे थोडे परत मागायचे. किटली घेतली आणि निघालो. दिलेली वस्तू परत मागायला निघालेल्या माणसाची चाल वेगळीच असते, ती मला त्या दिवशी कळली.

पहिलं घर पदमपुऱ्यातल्या सुमनमावशींचं. अंगणात पाण्याची दगडी डोणी, डोणीत माझेच मासे.

“मावशी, गप्पी न्यायला आलो.”

“गप्पी? ते नाय बा माझ्याकडं.”

“मग हे काय?”

“ह्या माझ्या सुना,” मावशी म्हणाल्या आणि डोणीच्या काठावर बसल्या. “ती ढोली दिसती ना, ती थोरली. दिसभर खाती, कामाच्या नावानं बोंब. ही बारकी लई चपळ, पर तिचं कुणाशी जमत नाय. आन् ती कोपऱ्यातली मधली. रुसती.”

“त्यातल्या दोन द्या. पिल्लं झाली की आणून देतो.”

“काय बोलता साहेब! सून कुणी उसनी देतं व्हय?” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “खऱ्या सुना पुण्याला हाईत. फोन बी नाय करीत. ह्या म्या आले की वर येत्यात.”

मला हसू आलं होतं, ते जिरलं. वाईट वाटलं. मी बॅटरी मारून पाहिलं, सुनांच्या आजूबाजूला अळ्या सुखानं नांदत होत्या. डोणीला झाकण घालायला सांगितलं, भिंतीवर शेरा लिहिला आणि निघालो.

छावणीजवळ रशीदभाईंचं पंक्चरचं दुकान होतं. टायरात पाणी साचतं, त्यामुळं ही दुकानं आमच्या कायम नजरेत असत. ट्यूब बुडवून बघायच्या टबात मी मासे सोडले होते. रशीदभाई त्यांना ‘टेस्टर’ म्हणत. त्यांचं म्हणणं, ट्यूब बुडवली की मासे नेमके भोकाजवळ जमतात.

“टेस्टर कोई देता क्या साब? मेरा धंदा इन पे चलता.”

मला शंका आली. त्यांनी लगेच एक ट्यूब बुडवली. बुडबुडे डावीकडून आले आणि झाडून सगळे मासे उजव्या कोपऱ्यात पळाले. रशीदभाईंनी शांतपणे ट्यूब बाहेर काढली आणि म्हणाले, “आज इनकी तबीयत ठीक नै.”

असाच दिवस गेला आणि दुसराही. कुठं मासे ‘फॉरेनचे’ झाले होते, कुठं घराचे ‘लकी’ झाले होते, कुठं नातवाच्या नावावर चढले होते. गप्पी कुणाकडंच नव्हते. किटलीत शेवटी एकच मासा आला, तोही नर, आणि तो आला कारण मालकाला त्याचं नाव पसंत नव्हतं, बायकोनं ठेवलं होतं. आकाशात ढग यायला लागले होते. मला सनाचा चेहरा दिसायचा आणि मी पुढचं दार वाजवायचो.

शेवटचं ठिकाण सिडकोतली एक सोसायटी, आणि तिथं मी आशा सोडूनच गेलो होतो. अध्यक्ष कुलकर्णी सर, गणिताचे निवृत्त शिक्षक. काही वर्षांपूर्वी त्यांनी मला फाटकातून परत पाठवलं होतं. “आमच्या इमारतीच्या पायऱ्या अंडंसुद्धा चढत नाही, आणि तुम्ही पाण्याच्या टाकीत मासे सोडायला निघालात?” मी म्हटलं होतं, सर, खायला नाही सांगत, ठेवायला सांगतोय. बऱ्याच हुज्जतीनंतर बागेतल्या कमळाच्या टाक्यात चार मासे सोडायची परवानगी मिळाली, तीसुद्धा ‘तात्पुरती’.

या वेळी सरांनी माझं ऐकून घेतलं. इकडं तिकडं पाहिलं, फाटक लावलं आणि मला मागं घेऊन गेले. कमळाचं टाकं माशांनी खदखदत होतं. सरांची सावली पाण्यावर पडली तसे सगळे काठाला आले.

“कुणाला बोलू नका,” सर म्हणाले. “मीच ठराव केला होता, मासे नकोत म्हणून. ही नर्मदा. ही तापी. ती पूर्णा, जरा भित्री आहे. नरांना नावं दिली नाहीत, ते फार उथळ आहेत.”

“सर, खायला काय घालता?”

“पोळीचा चुरा. चतुर्थीला साबुदाणा, भिजवून.” आणि मग अभिमानानं, “शुद्ध शाकाहारी आहेत.”

“सर, गप्पी अळ्या खातो. त्याचसाठी असतो तो.”

“बाकीचे खात असतील.”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना सनाची गोष्ट सांगितली, काही न लपवता. दवाखान्याचा व्हरांडा सांगितला, डॉक्टरांनी काय बजावलं ते सांगितलं, हौद घासला तेही सांगितलं. आयुष्यभर पोरांना शिकवलेला माणूस. “कॉलेजला आहे म्हणता?” एवढंच विचारलं आणि आत जाऊन चहाची गाळणी घेऊन आले. एकेक मादी त्यांनी स्वतःच्या हातानं किटलीत सोडली. मग चपला घातल्या. “मी पण येतो. घर कसं आहे ते बघतो.” मुलगी सासरी पाठवताना बाप जसा बघून येतो तसं.

रिक्षात किटली त्यांच्याच मांडीवर होती. गल्लीत पोचलो तेव्हा आपा, सना आणि शेजारणी वाटच बघत होत्या. थोडे मासे आपांच्या ड्रममध्ये, बाकी शेजारच्या ड्रममध्ये सोडले. मग मी खात्री पटवायची म्हणून एका कूलरमधल्या अळ्या वाटीत घेतल्या आणि सगळ्यांसमोर ड्रममध्ये ओतल्या. अशा वेळी मासे झडप घालतात आणि बायका टाळ्या वाजवतात, हा माझा ठरलेला कार्यक्रम होता.

मासे वर आले. अळ्यांकडं पाहिलं. मग कुलकर्णी सरांच्या हाताकडं पाहायला लागले. एक अळी नर्मदेच्या अगदी तोंडाजवळून गेली, तर नर्मदा बाजूला सरकली. वाट दिली तिनं अळीला!

आपा माझ्याकडं वळल्या. “साब, मैं तुमकू भूकी मछली बोली थी. ये तो दावत खाके आयी.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. आदल्या वर्षी याच घरात जे झालं, तेच मी किटलीत घालून परत आणलं होतं. उपाय एकच होता. यांना उपाशी ठेवायचं. दोन-तीन दिवस काही मिळालं नाही की मासा आपोआप मूळ धंद्यावर येतो. तसं मी सांगितलं.

“मतलब रोजा रखवाना,” आपा म्हणाल्या.

सर अस्वस्थ झाले. “आमच्याकडं उपवासाला निदान फराळ तरी असतो हो.”

“हमारे में पानी भी नै रहता, सर,” आपा म्हणाल्या. मग ड्रमकडं बघून थोडा विचार केला. “पर इनकू पानी की छूट है.”

ड्रमवर पहारा सनानं घेतला. ज्या पोरीनं शेवया टाकल्या तीच आता पुस्तक घेऊन ड्रमशेजारी बसली. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर गल्लीत गलका. कुलकर्णी सर सिडकोहून रिक्षा करून आले होते, ‘सहज’, आणि सनानं त्यांना ड्रमच्या झाकणाला हात लावताना पकडलं होतं. आपांनी सरळ सरांना खिसा दाखवायला सांगितलं. खिशातून कागदात गुंडाळलेला राजगिऱ्याचा लाडू निघाला.

“एवढा एवढाच टाकणार होतो,” सर म्हणाले. सगळ्या गल्लीसमोर, शाळेत पकडलेल्या पोरासारखे. “पूर्णेला सोसत नाही.”

“सर, मेरी बेटी कू भी सोसत नै,” आपा म्हणाल्या. आवाज चढवला नाही. लाडू घेतला आणि आत नेऊन डब्यात ठेवून दिला. पण सर गेले नाहीत. सनाला गणित अडलं होतं, ते सांगत बसले.

त्यापुढच्या दिवशी मी वाटीत अळ्या घेऊन ड्रमपाशी उभा राहिलो तेव्हा गल्लीतलं झाडून सगळं माणूस जमलं होतं. मी देवाचं नाव घेतलं. माझ्या शेजारी आपांनीही घेतलं असावं, ओठ हलत होते. वाटी ओतली. एक क्षण काही झालं नाही. मग नर्मदा वळली आणि तिनं अळी तोंडात धरली.

“खाल्ली!” कुलकर्णी सर ओरडले. “खाल्ली, खाल्ली! अहो, दुसरी पण खाल्ली!”

ज्यांच्या इमारतीच्या पायऱ्या अंडं चढत नाही, ते जिन्सीमागच्या गल्लीत दोन्ही हात वर करून मांसाहाराचा जयजयकार करत होते. आपल्या लक्षात आल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण पूर्णा अजून मागंच आहे हे दिसताच हात काढून, “पूर्णे, पुढं हो, संपतील!” मी हसून हसून भिंतीला टेकलो. आपा हसल्या नाहीत. त्या वाकून ड्रममध्ये शेवटची अळी संपेपर्यंत बघत राहिल्या, आणि मग पदरानं डोळे पुसले.

पाऊस लागला. गल्लीत दर आठवड्याला जायचो, भिंतीवर ‘अळ्या नाहीत’ लिहायचो. कार्यालयात कोरड्या हौदासमोर साहेबांनी एक फलक लावला होता, ‘आदर्श कोरडा हौद’. मी तिकडं बघणं सोडून दिलं होतं.

मग एके सकाळी आपांचा फोन आला. सनाला ताप. अंग दुखतंय, डोळ्यांच्या मागं ठणकतंय.

मी कसा पोचलो ते आठवत नाही. आधी ड्रममध्ये बॅटरी मारली. पाणी लख्ख होतं, मासे पाणी चाळत फिरत होते, अळी एकही नाही. पण डास काही घराचा उंबरा बघून चावत नाही. कॉलेजात चावला असेल, बसस्टॉपवर चावला असेल. हे मला माहीत होतं आणि आपांनाही माहीत होतं. रक्त तपासायला दिलं. कुलकर्णी सरही आले. कुणी कळवलं कोण जाणे. आम्ही तिघं दारात बसून होतो. मला भीती वाटत होती, साधी, कुठल्याही बापाला वाटते तशी.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. डेंग्यू नाही. साधा ताप, दोन-चार दिवसांत उतरेल.

आपांनी फोन ठेवला. मग उठल्या, आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. डब्यातून कागद निघाला, कागदातून तोच जप्त केलेला राजगिऱ्याचा लाडू. थोडा कडक झाला होता. त्यांनी तो कुलकर्णी सरांच्या हातात दिला.

“लो सर. आज खिलाओ. आज इनकी ईद.”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. आपांनीही पाहिलं. आतून खाटेवर पडलेली सनाही मान उंच करून बघत होती. मी खात्याचा माणूस. माशाला खाऊ घालू नका, हे मी या शहराच्या दारोदार सांगत आलो होतो, आणि पावसाळा अजून निम्मा बाकी होता. मी खिशातून खडू काढला, ड्रमकडं पाठ केली आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारखेखाली लिहिलं, ‘अळ्या नाहीत. मासे उपाशी.’